किमोनो घालून बघण्याआधी किमोनो बघूया



आज एका चुकीपासून सुरुवात करते. चूक माझीच आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या स्नेहसंमेलनात 'देशोदेशींचे पोशाख' असा कार्यक्रम बसवला होता. चौथीच्या वर्गातली एक मुलगी जपान झाली. घरून सॅटिनचा फुलाफुलांचा गाऊन आला, कमरेला ओढणी बांधली, अंबाड्यात विणकामाच्या दोन सुया खोचल्या, हातात कागदी पंखा दिला. गाऊनच्या दोन्ही बाजू मीच एकमेकींवर घेतल्या आणि पिन लावली. मुलगी गोड दिसत होती. टाळ्या पडल्या. पालकांच्या ग्रुपवर फोटो गेला.

दुसऱ्या दिवशी एका पालकाचा फोन आला. त्यांनी पुण्यात राहून जपानी भाषा शिकली होती. अगदी संकोचून म्हणाले, "मॅडम, रागावू नका, पण तुम्ही उजवी बाजू वर घेतलीत. जपानमध्ये तसा किमोनो फक्त मृत व्यक्तीला घालतात."

मला काय वाटलं असेल याची कल्पना करा. नऊ वर्षांच्या हसऱ्या लेकराला मी शेवटच्या प्रवासाचा पोशाख घालून स्टेजवर उभं केलं होतं. कोणाचं नुकसान झालं नाही, कोणी तक्रारही केली नाही. पण माझ्या लक्षात आलं की जो पोशाख मी मुलांना 'दाखवला', तो मी स्वतः कधी नीट बघितलाच नव्हता. मला फक्त फुलं, पंखा आणि अंबाडा माहीत होता.

त्यानंतर मी किमोनोची चित्रं बघायला लागले. डी.एड.ला असताना कलाशिक्षणाच्या तासाला आम्ही जे शिकलो, त्यापेक्षा जास्त या चित्रांनी मला शिकवलं. माझं मत थोडक्यात असं: किमोनोचं सौंदर्य त्याच्या फुलांत नाही. ते कापणाऱ्या, रंगवणाऱ्या आणि घालणाऱ्या माणसांच्या कामात आहे. चांगल्या चित्रकारांनी तेच दाखवलं, आणि वर्गात आपणही आधी तेच दाखवलं पाहिजे. वेशभूषा नंतर.

कापडाचा एक गुंडा, आठ तुकडे

'किमोनो' या शब्दाचा अर्थ फार साधा आहे. 'कि' म्हणजे घालणं आणि 'मोनो' म्हणजे वस्तू, थोडक्यात घालायची वस्तू. आपण 'कपडा' म्हणतो तसंच. जुन्या काळी या पोशाखाला 'कोसोदे' म्हणत, म्हणजे मनगटाशी लहान तोंडाची बाही असलेला. किमोनो हा शब्द सगळीकडे रूढ झाला तो 19व्या शतकाच्या उत्तरार्धात, जेव्हा पाश्चात्त्य कपडे जपानमध्ये आले आणि आपल्या कपड्याला वेगळं नाव लागायला लागलं.

किमोनोचं कापड साधारण 36 ते 38 सेंटिमीटर रुंद आणि सुमारे 12 मीटर लांब अशा गुंड्यात येतं. त्यातून सरळ रेषेत आठ तुकडे कापतात. अंगाचे दोन, बाह्यांचे दोन, पुढे एकमेकांवर येणाऱ्या पट्ट्या दोन, एक गळपट्टी आणि तिच्यावरची एक छोटी पट्टी. गोल कापणं नाही, खांद्यावर शिवण नाही. अंगाचा तुकडा पुढच्या काठापासून खांद्यावरून मागच्या काठापर्यंत सलग जातो. कापड जवळपास वाया जातच नाही.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. पूर्वी किमोनो धुताना तो उसवत, तुकडे जोडून परत लांब पट्टी करत, धुऊन ताणून वाळवत आणि पुन्हा शिवत. आईचा किमोनो मुलीसाठी पुन्हा बेतता येई. उंची जास्त असेल तर कापायची नाही, कमरेशी दुमडून वरून ओबी, म्हणजे रुंद पट्टा, बांधायचा. आपल्या नऊवारीसारखंच इथेही कापड माणसाच्या मापाने कापत नाहीत, ते घालताना माणसावर बसवतात. म्हणून किमोनो नेसणं हेही एक कौशल्य आहे. आज जपानमध्ये ते शिकवणारे खास वर्ग चालतात.

चित्र कुठे संपतं आणि कापड कुठे सुरू होतं?

किमोनो सपाट मांडला की इंग्रजी 'टी' अक्षरासारखा दिसतो. म्हणजे तो चित्रकारासाठी एक मोठा कोरा कागदच. त्यामुळे जपानमध्ये चित्रकला आणि कापडाची कला या दोन वेगळ्या खोल्या कधी नव्हत्याच. तीन उदाहरणं देते, तिन्ही वर्गात दाखवण्यासारखी आहेत.

पहिलं, 'तागासोदे' नावाची चित्रं. या शब्दाचा अर्थ 'कोणाच्या बाह्या?'. 16व्या शतकाच्या अखेरीपासून 17व्या शतकापर्यंत घडीच्या पडद्यांवर ही चित्रं काढली गेली. चित्रात लाकडी दांडी आहे, तिच्यावर किमोनो टाकलेले आहेत, आणि माणूस एकही नाही. फक्त कपडे बघून ती व्यक्ती कोण असेल, कशी असेल, याचा विचार बघणाऱ्याने करायचा. मुलांना हा खेळ लगेच कळतो. "दोरीवर वाळत घातलेले कपडे बघून घरात कोण कोण राहतं ते सांगा" असं विचारून बघा!

दुसरं, हिशिकावा मोरोनोबु याचं 'मागे वळून बघणारी सुंदरी'. 17व्या शतकाच्या उत्तरार्धातलं हे रेशमावरचं चित्र तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लाल किमोनो घातलेली तरुणी पाठमोरी चालली आहे आणि मान वळवून बघते आहे. चेहरा अर्धाच दिसतो. मग आपण काय बघतो? लाल कापडावरची शेवंती आणि चेरीच्या फुलांची वर्तुळं, ओबीची गाठ, पावलाशी हललेली किनार. 1948 साली जपानने या चित्राचं टपाल तिकीट काढलं, आणि तिकीट जमवणाऱ्यांमध्ये त्याला आजही मान आहे. आता गंमत बघा, मोरोनोबुचे वडील कापडावर भरतकाम करणारे कारागीर होते. ज्या घरात मुलगा लहानपणापासून किनार आणि टाके बघत वाढला, त्या मुलाने मोठेपणी पाठमोरी बाई काढली यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. किमोनोची मुख्य नक्षी पाठीवरच तर असते! त्या काळात नमुन्यांची पुस्तकं छापली जात, त्यांतही किमोनो मागच्या बाजूनेच काढलेला असे.

तिसरं, ओगाता कोरिन (1658–1716). हा क्योतोमधल्या कापडव्यापाऱ्याचा मुलगा, जपानच्या थोर चित्रकारांपैकी एक. त्याने एका व्यापारी घरातल्या स्त्रीसाठी पांढऱ्या रेशमी कोसोदेवर स्वतः कुंचल्याने शरद ऋतूतली फुलं आणि गवत काढलं. तो कपडाही तोक्योच्या संग्रहालयात जपलेला आहे. पडद्यावर काढलं तर चित्र आणि अंगावर काढलं तर नुसता कपडा, असा भेद त्याने केला नाही. आपण मात्र वर्गात करतो. चित्रकलेच्या तासाला कागदावर निसर्गचित्र, आणि आजीने गोधडीवर घातलेले टाके 'कार्यानुभव'!

बंदी आली आणि नवी कला जन्मली

थोडा इतिहास सांगते, कारण त्याशिवाय हे सौंदर्य आकाशातून पडल्यासारखं वाटेल.

17व्या शतकात शहरांतले व्यापारी श्रीमंत झाले. त्यांच्या बायका सरदारांच्या बायकांपेक्षा भारी कपडे घालायला लागल्या. राज्यकर्त्यांना हे खपलं नाही. 1683 मध्ये फर्मान निघालं, त्यात स्त्रियांच्या कोसोदेवर सोन्याचं काम, भारी भरतकाम आणि सगळ्या कापडभर बारीक गाठी बांधून केलेली शिबोरी यांना मनाई झाली. शिबोरी म्हणजे आपल्याकडच्या बांधणीसारखीच पद्धत, गाठ बांधून रंगवायचं आणि मग गाठ सोडायची.

मग कारागिरांनी काय केलं? त्याच सुमारास क्योतोमध्ये मियाझाकी युझेन नावाचा पंखे रंगवणारा चित्रकार प्रसिद्ध होता. त्याच्या नावाने 'युझेन' ही रंगकामाची पद्धत ओळखली जाते. तांदळाच्या चिकट खळीने कापडावर बारीक रेघ ओढायची, म्हणजे रंग त्या रेघेपलीकडे पसरत नाही. आत कुंचल्याने रंग भरायचे, आणि शेवटी खळ धुऊन टाकायची. खळीच्या जागी पांढरी नाजूक रेघ उरते. आता सोनं नको, भरतकाम नको, कापडावर थेट चित्रच काढता आलं. पद्धतीची मुळं जुनी असली, तरी बंदीनंतर तिला खरा बहर आला.

काही लोकांनी आणखी वेगळी वाट काढली. बाहेरून करडा, तपकिरी, साध्या रेघांचा कपडा आणि आत अस्तर मात्र अप्रतिम! चालताना क्षणभर दिसेल तेवढंच. पुढे या आवडीला 'इकी' असं नाव मिळालं. भपका न करता दिसणारी ऐट, असं आपण म्हणू शकतो. ही गोष्ट मी चौथीच्या मुलांना सांगते तेव्हा ती हमखास युनिफॉर्मच्या आत घातलेला रंगीत बनियन दाखवतात. त्यांना 'इकी' कळलेला असतो!

शिक्षकांसाठी एक सावधगिरी

किमोनोची चित्रं शोधायला बसाल तर सगळ्यात आधी लाकडी ठशांची छापील चित्रं समोर येतील, ती उकियो-ए. कितागावा उतामारोसारख्या चित्रकारांची ही चित्रं खरोखर सुंदर आहेत. पण त्यातल्या अनेक स्त्रिया एदो शहरातल्या, म्हणजे आजच्या तोक्योतल्या, योशिवारा या वस्तीतल्या आहेत. अनेक मुलींना गरीब आईवडिलांनी लहानपणीच पैसे घेऊन तिथे पाठवलेलं असे. ओबीची मोठी गाठ पुढच्या बाजूला बांधलेली दिसली तर ती बहुधा त्या वस्तीतली स्त्री असते. यातली काही चित्रं म्हणजे तर जाहिरातीच होत्या. उतामारोच्या एका मालिकेत कापडदुकानांची नावंच चित्रावर दिलेली आहेत.

हे चौथीच्या मुलांना सांगायची गरज नाही. पण आपल्याला माहीत असायला हवं. नाहीतर आपण दुःखाच्या चित्राला 'जपानी बाईचं चित्र' असं शीर्षक देऊन भिंतीवर लावतो. मी त्याऐवजी उतामारोचं शिवणकाम करणाऱ्या बायकांचं तीन कागदांवरचं चित्र दाखवते. त्यात एक बाई तलम कापड वर धरून बघते आहे आणि कापडाच्या पलीकडचं आरपार दिसतं आहे. लाकडाच्या ठशाने पारदर्शक कापड छापायचं म्हणजे केवढं काम! चित्रकार, ठसा कोरणारा आणि छापणारा, तिघांचा हात एका चित्रात असतो.

मोनेचं चित्र आणि बॉस्टनमधला वाद

19व्या शतकाच्या उत्तरार्धात जपानी वस्तू युरोपात पोहोचल्या आणि तिथल्या चित्रकारांना वेड लागलं. व्हिस्लरने किमोनो घातलेल्या एका तरुणीचं चित्र काढलं आणि त्याला नाव दिलं 'चिनीमातीच्या देशाची राजकन्या'. कपडा जपानचा आणि देश बहुतेक चीन! क्लोद मोनेने 1876 साली आपली पत्नी कामीय हिला भरजरी लाल किमोनो घालून उभं केलं. डोक्यावर सोनेरी केसांचा टोप, हातात पंखा, मागे भिंतभर पंखे. किमोनोवर तलवार उपसणारा योद्धा भरलेला आहे. चित्र सव्वादोन मीटरहून उंच आहे आणि बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे.

रंगकाम बघत राहावं असं आहे, यात शंका नाही. पण त्या चित्राशेजारी मोरोनोबुचं चित्र ठेवा. मोरोनोबुची स्त्री किमोनो घालून कुठेतरी निघाली आहे. मोनेची कामीय किमोनो घालून फोटोसाठी उभी आहे. खरं सांगू? मला तिच्यात आमच्या स्नेहसंमेलनातली मुलगी दिसली.

2015 साली याच संग्रहालयाने दर बुधवारी प्रेक्षकांना त्या लाल किमोनोची जपानमध्ये करून घेतलेली प्रतिकृती घालून चित्रासमोर उभं राहायला बोलावलं. निषेध झाला. आशियाई वंशाच्या तरुणांचं म्हणणं होतं की आमची संस्कृती म्हणजे तुमचा सेल्फीचा पोशाख नाही. दुसरीकडे काही जपानी लोक म्हणाले, घालू द्या की, आम्हाला आनंदच आहे. शेवटी संग्रहालयाने घालणं बंद केलं, हात लावून बघायला परवानगी ठेवली.

मला दोन्ही बाजू पटतात. परक्या देशाचा कपडा घालणं हा गुन्हा नाही. तसं म्हटलं तर मुलांची जगाशी ओळख होणारच नाही. पण कोणी केला, कोण घालतं, कधी घालतं, हे काही न सांगता फक्त घालायला देणं, हे शिक्षण नाही. दुकानात तसं चालेल, शाळेत चालू नये.

सुई ओवणारी बाई आणि पाठीवरचे टाके

किमोनोचं मला सर्वांत आवडणारं चित्र एका स्त्रीने काढलेलं आहे. उएमुरा शोएन (1875–1949) ही क्योतोची चित्रकार. वडील तिच्या जन्माआधीच वारले. आईने चहापत्तीचं दुकान चालवून मुलींना वाढवलं आणि लोकांनी नावं ठेवली तरी हिला चित्रकला शिकू दिली. 1948 मध्ये जपानचा 'संस्कृती सन्मान' मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. तिचं 1936 सालचं 'जो नो माइ' हे नृत्य करणाऱ्या तरुणीचं चित्र प्रसिद्ध आहे. लांब बाह्यांचा किमोनो, हातातला पंखा स्थिर, नजर त्याहून स्थिर.

पण मी म्हणते ते चित्र 1941 सालचं आहे, 'संध्याकाळ'. एक बाई दाराशी येऊन, मावळत्या उजेडात सुई वर धरून दोरा ओवते आहे. बस्स, इतकंच. किमोनो साधा आहे. पण ही बाई किमोनो नुसती घालत नाही, ती शिवते. आपल्यापैकी किती जणींनी आईला उंबऱ्यात असं बसलेलं पाहिलंय?

याला जोडून 'सेमामोरी'ची गोष्ट सांगते. लहान बाळाचा किमोनो कापडाच्या एकाच रुंदीत बसतो, म्हणून त्याच्या पाठीवर मधली शिवण नसते. जपानीत शिवणीला 'नुइमे' म्हणतात आणि त्यातल्या 'मे'चा अर्थ डोळा. मोठ्यांच्या पाठीवर शिवणीचे डोळे राखण करतात, बाळाच्या पाठीवर कोण करणार? म्हणून आया बाळाच्या किमोनोवर मानेखाली मुद्दाम काही टाके घालत, कधी नुसती रेघ तर कधी फूल किंवा पक्षी. वाईटाने पाठीमागून येऊ नये म्हणून. आपण बाळाच्या गालावर तीट लावतो ना, अगदी तसंच. हे सांगितल्यावर वर्गात शांतता पसरते, आणि मग कोणीतरी हळूच म्हणतं, "माझी आजी पण लावते."

मग वर्गात काय करायचं?

तुम्ही म्हणाल, मॅडम, एवढा वेळ कुठे आहे? खरं आहे. स्नेहसंमेलनाच्या गडबडीत पालक कपडे आणून देतात हेच खूप असतं. आणि लहान मुलांना नटायला आवडतं, तो आनंद का काढून घ्यायचा? काढून घ्यायचा नाहीच. फक्त त्याआधी दोन तासिका द्या.

पहिल्या तासिकेत एकच चित्र दाखवा आणि पाच मिनिटं काही बोलू नका. मग विचारा: ऋतू कोणता असेल? ही कुठे चालली असेल? कापड जड असेल की हलकं? जपानमध्ये ऋतूप्रमाणे किमोनो बदलतो. ऑक्टोबर ते मे अस्तराचा, जूनपासून बिनअस्तराचा, ऐन उन्हाळ्यात अगदी विरविरीत. तिथल्या अनेक शाळांत जून आणि ऑक्टोबरमध्ये मुलांचे गणवेशही बदलतात, हे आपल्या मुलांना नक्की सांगा!

दुसऱ्या तासिकेत जुन्या वर्तमानपत्राची 9 सेंटिमीटर रुंद आणि 3 मीटर लांब पट्टी जोडा. ही खऱ्या कापडाच्या साधारण चौथाई मापाची होते. त्यातून अंगासाठी 80 सेंटिमीटरचे दोन तुकडे, बाह्यांसाठी 26 चे दोन. उरलेली 88 सेंटिमीटरची पट्टी उभी मधोमध कापा. एका अर्ध्यातून पुढच्या पट्ट्यांसाठी 44 चे दोन तुकडे, दुसऱ्यातून गळपट्टीचे 58 आणि 30 चे दोन. आता मुलांना सगळ्या आयतांचं क्षेत्रफळ काढून बेरीज करायला सांगा. 2700 चौरस सेंटिमीटर, म्हणजे मूळ पट्टीएवढंच येतं. "बाई, कचरा शून्य!" हे वाक्य मी दर वर्षी ऐकते. मग तुकडे चिकटवून, रंगवून, शेवटी घालणाऱ्याची डावी बाजू वर ठेवून घडी घालायची. का ते सांगायचं. मुलं घाबरत नाहीत, उलट एकमेकांच्या घड्या तपासतात.

पालकहो, तुम्हालाही एक विनंती. शाळेतून 'अमुक देशाचा ड्रेस पाठवा' असा निरोप आला की लगेच भाड्याच्या दुकानात जाऊ नका. मुलाबरोबर बसून त्या पोशाखाचं एक चित्र बघा आणि एक प्रश्न विचारा, "हा कोणी शिवला असेल?" तेवढं केलंत तरी पुष्कळ झालं.

माझी ती जपान झालेली मुलगी आता हायस्कूलला आहे. मध्यंतरी भेटली तेव्हा मी तिला सगळं सांगून टाकलं आणि सॉरी म्हटलं. ती खळखळून हसली. म्हणाली, "बाई, मला तर एवढंच आठवतं की सुया टोचत होत्या."

मुलं आपल्याला माफ करतात. म्हणून तर आपण पुढच्या वेळी नीट बघून शिकवलं पाहिजे.